हॉलमधला टीव्ही: रविवारच्या आत कोणी बघेल का?

माई, बुधवार सकाळ

मंडळी,

काल मंडळाच्या हॉलवर ज्येष्ठांच्या कट्ट्याला परत तेच झालं. बीबीसी वन लावलं, पाच मिनिटं नीट चाललं, मग चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटायला लागला आणि शेवटी काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’. आयटीव्ही तर लागतच नाही. रविवारी विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत आहे आणि २२ जणांनी नावं दिली आहेत. नानी जिन्यावरून पडल्यापासून कुठेच जात नाहीत, त्या फक्त यासाठी येणार आहेत. शनिवारी सकाळी टीव्हीच्या दुरुस्तीला नॉर्थॅलर्टनला, हॉलवर कोण येऊ शकेल? नक्की येणाऱ्यांनीच हो म्हणा.

माई

अण्णा, बुधवार दुपार

माई,

जूनमध्ये रीट्यून (टीव्हीला सगळे चॅनल नव्याने शोधायला लावणं) मी केलं. टीव्हीनेच स्क्रीनवर विचारलं होतं. त्याआधीही चित्र अडकायचं, फक्त कोणी कळवलं नाही. नुसतं ‘दिसत नाही’ म्हणून मला काही कळत नाही. कोणत्या नंबरवर दिसत नाही, कोणते चॅनल नीट लागतात, हे कोणी लिहून ठेवलंय का?

आणि टीव्हीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहू द्या. मागे प्रोजेक्टर जोडताना कोणीतरी सगळ्या वायर काढल्या होत्या आणि अँटेनाची पिन अर्धवट बसवून ठेवली होती. ते शोधण्यात माझे दोन तास गेले. हात लावण्याआधी एक फोन करा, एवढंच म्हणणं आहे.

अण्णा (हॉलच्या सामानाचा विभाग)

भाऊ, यॉर्क, बुधवार संध्याकाळ

अँटेनाच्या मागे कशाला लागायचं? टीव्हीला इंटरनेटची स्टिक लावा आणि बीबीसीच्या आयप्लेअरवर, म्हणजे इंटरनेटवरून बघा. माझ्या घरावर अँटेना आहे, पण चार वर्षांत वापरलेला नाही. स्टिक मी देतो.

काकू, डार्लिंग्टन, बुधवार रात्र

भाऊ, फुटबॉलच्या वेळी आपण हेच केलं होतं. पलीकडच्या पबमधून गोल झाल्याचा ओरडा आला तेव्हा आपल्या पडद्यावर चेंडू अजून मधल्या रेषेवर होता. जवळजवळ अर्धा मिनिट मागे होतो आपण! त्यात २० फोन त्याच वायफायवर. मध्येच ते गोल गोल फिरणारं चक्र आलं आणि आबा उठून घरी गेले. अँटेनाला वायफाय लागत नाही, पासवर्ड लागत नाही. आमच्या पिढीला रिमोटवरचं १ दाबलं की बीबीसी दिसायला हवं.

खजिनदार, गुरुवार सकाळ

लायसन्सबद्दल दोघांनी फोन केला म्हणून इथेच लिहितो. हॉलसाठी टीव्ही लायसन्स वेगळं काढलेलं आहे आणि चालू आहे. थेट प्रक्षेपण कोणत्याही मार्गाने बघितलं तरी ते लागतं आणि २०१६ पासून आयप्लेअरलाही लागतं. ७५ वर्षांवरच्यांचं मोफत लायसन्स २०२० पासून फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकारी मदत) मिळणाऱ्यांना आहे. तेही त्यांच्या घरापुरतं, हॉलला चालत नाही.

दुसरं म्हणजे न विचारता बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) आणू नका. आधी आणलेले दोन कपाटात पडून आहेत. दोन्ही वेळा दुकानदार म्हणाला होता की याने नक्की काम होईल.

तात्या, मिडल्सब्रो, गुरुवार दुपार

अहो, तो अँटेना फिरवलेला आहे! मीच फिरवला होता, आता आठवलं.

१० ऑगस्ट २०२१ ला बिल्सडेलच्या मास्टला, म्हणजे टीव्ही प्रक्षेपणाच्या टॉवरला, आग लागली ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडे दुपारी अचानक सगळे चॅनल गेले. सासूबाईंना वाटलं की त्यांनीच काहीतरी चुकीचं दाबलं. दोन दिवस त्या मला तसं बोलल्यासुद्धा नाहीत, सारखा रिमोट पुसत बसायच्या. एकट्या बाईला दिवसभर तोच आवाज सोबतीला असतो, तो बंद पडला की घर किती शांत होतं ते मी तेव्हा पाहिलं. लाखो घरांची तीच गत होती. पुढे ८० मीटरचा तात्पुरता मास्ट उभा केला, तरी पुष्कळ घरांना सिग्नल पोचत नव्हता. ऑक्टोबरमध्ये जळका मास्ट स्फोटाने पाडला आणि ३०० मीटरचा नवा उभा राहायला २०२३ उजाडलं.

त्याच शरद ऋतूत दिवाळीच्या तयारीला आपण हॉलवर जमलो होतो. एम्ली मूरच्या दुसऱ्या टॉवरचं काहीतरी येतंय म्हणून मी शिडीवर चढून अँटेना दक्षिणेकडे वळवला. शिडी अण्णांनी धरली होती. तो परत फिरवलाच नाही.

अण्णा, गुरुवार दुपार

शिडी धरली होती हे खरं. पण ‘तात्पुरतं आहे, नंतर मी येऊन परत करतो’ असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून मी तो विषय सोडून दिला.

आज मुद्दाम हॉलवर जाऊन आलो. १ नंबरला लुक नॉर्थ (बीबीसीच्या स्थानिक बातम्या) लागतं, पण अडखळत. यादीत खाली ८०० नंबरच्या पुढे गेलो तर तिथे आणखी एक बीबीसी वन आहे, त्यावरही लुक नॉर्थच, तेही तुटक. दोन्ही एकच असतील तर दोनदा कशाला?

भाऊ, यॉर्क, गुरुवार संध्याकाळ

एकच नाहीत, अण्णा. एक एम्लीवरून येणारं लीड्सचं आणि एक बिल्सडेलवरून येणारं न्यूकॅसलचं, नाव तेवढं सारखं. हलचं तिसरं आहे, तेही लुक नॉर्थच. यॉर्ककरांना लीड्सचं लागतं, कारण आमचे रस्ते, आमची हॉस्पिटलं त्यात येतात. तेव्हा फिरवाफिरवी करताना तेही राहील असं बघा. हॉल मध्यावर घेतला तो दोन्हीकडच्यांची सोय व्हावी म्हणूनच ना?

बापू, गुरुवार रात्र

सप्रेम नमस्कार.

सगळे मेल वाचले. तात्यांनी सांगितलं तिथेच दुखणं आहे, पण मला वाटतं तेवढंच नसावं. जरा सविस्तर लिहितो.

हॉलपासून बिल्सडेल जवळजवळ थेट पूर्वेला आहे, १८-२० किलोमीटर. एम्ली मूर दक्षिणेला, थोडा पश्चिमेकडे झुकून, ८० किलोमीटरच्या आसपास. चारपट लांबच्या टॉवरकडे तोंड आणि जवळच्याला कान, अशी आपल्या अँटेनाची अवस्था आहे. जूनमध्ये टीव्हीला दोन्ही सापडले. त्याने एकाचं बीबीसी १ वर ठेवलं आणि दुसऱ्याचं ८०० च्या पुढे ढकललं. अण्णांचा यात काही दोष नाही, रीट्यून करताना टीव्ही असंच करतो.

दुसरी गोष्ट अँटेनाच्या जातीची. त्याच्या दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, तिचा रंग बघा. बिल्सडेल पूर्वीपासून ए गटातला, म्हणजे लाल टोपी, चॅनल २१ ते ३७. एम्ली बी गटातला, पिवळी टोपी, ३५ ते ५३. हॉलवरचा अँटेना बिल्सडेलसाठी बसवलेला असल्याने तो लाल टोपीचा असणार. तो एम्लीकडे कितीही नेमका रोखला तरी वरच्या चॅनलांना ऐकायला कमीच पडणार. (इथले चॅनल म्हणजे रिमोटवरचे नंबर नव्हेत. चॅनल २१ म्हणजे ४७४ मेगाहर्ट्‌झ, पुढे प्रत्येकाला ८ मिळवायचे. ४८ च्या वरचे पुढे मोबाइलवाल्यांना दिले.)

आता ‘पाच मिनिटं छान आणि मग एकदम गेलं’ हे का होतं. आपल्या लहानपणी सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या. पुण्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचे. वाऱ्याने एखादा हलला की मुंग्या वाढायच्या, पण क्रिकेटचा स्कोअर तरी वाचता यायचा. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. आलेल्या चुका टीव्ही आतल्या आत दुरुस्त करत राहतो, म्हणून चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. दुरुस्तीची कुवत संपली की अगदी थोड्या, एक-दोन डेसिबलच्या फरकाने चौकोन आणि मग काळोख. आपला हॉल त्या काठावर बसला आहे. एखादा ट्रक गेला, फ्रीज चालू झाला, पाऊस आला, की संपलं.

म्हणून बूस्टर नको म्हणणाऱ्या खजिनदारांना माझा पूर्ण पाठिंबा. लांब वायरमध्ये जे हरवणार ते आधीच भरून काढायला बूस्टर वर अँटेनापाशी बसवतात. टीव्हीच्या मागे बसवला तर तो बिघडलेला सिग्नलच मोठा करतो, त्यातल्या गोंगाटासकट. आणि बिल्सडेलसारखा टॉवर इतक्या जवळ असताना जास्त ताकदीनेही टीव्ही गुदमरतो. अण्णा, मेनूमध्ये ‘ताकद’ आणि ‘गुणवत्ता’ असे दोन आकडे असतील ते लिहून घ्या. ताकद चांगली आणि गुणवत्ता खाली-वर होत असेल तर दुखणं दिशेत किंवा वायरमध्ये आहे.

शनिवारी मी येतो. शिडीवर मी चढणार नाही, गुडघे परवानगी देत नाहीत. तात्या चढतील. शिडी दोघांनी धरायची, आणि पाऊस असेल तर कोणीही चढायचं नाही, मग अंतिम लढत असो की काहीही असो.

बापू

काकू, डार्लिंग्टन, शुक्रवार सकाळ

बापू, तुम्ही सिंहगड म्हणालात आणि आमचं साताऱ्याचं घर आठवलं. वडील वर आणि आम्ही खाली, एकमेकांना ओरडून सांगत असायचो. असो. मला विचारायचं होतं की अँटेनावरचं हे प्रक्षेपणच बंद होणार असं कोणीतरी म्हणत होतं, मग खटाटोप कशाला?

बापू, शुक्रवार सकाळ

काकू, निदान २०३४ पर्यंत चालू ठेवायचं सरकारने मान्य केलं आहे. पुढचं ठरायचं आहे. माझ्या मते ज्यांना इंटरनेट परवडत नाही किंवा झेपत नाही, त्यांच्यासाठी हे राहायलाच हवं, आणि तसं मत विचारलं जाईल तेव्हा मंडळाने लेखी कळवावं. नानींसारखी माणसं स्वतःहून लिहायची नाहीत.

खजिनदार, शुक्रवार दुपार

लेखी कळवायचं तर आधी कार्यकारिणीत ठेवा, परस्पर मंडळाच्या नावाने नको. शनिवारी वायर लागली तर पावती आणा.

माई, शनिवार संध्याकाळ

मंडळी, झालं! सगळं लिहिते, म्हणजे परत कोणी विचारायला नको.

सकाळी कोरडं होतं. तात्या वर, शिडीला अण्णा आणि माझा भाचा, बापू खाली टीव्हीसमोर आणि मी मध्ये दारात निरोप पोचवायला. टोपी लालच निघाली, उन्हाने गुलाबी पडलेली. फिरवण्याआधी बीबीसी वनची ताकद ७१ होती आणि गुणवत्ता ३० आणि ५० च्या मध्ये नाचत होती. तात्यांनी नट सैल करून अँटेना पूर्वेला वळवला, शेजारच्या जुन्या घरांवरचे सगळे ज्या बाजूला बघतात त्याच बाजूला. आडव्या काड्या आडव्याच ठेवल्या. ताकद ८८ झाली, पण गुणवत्ता ६० वरच अडकली. मग बापू म्हणाले, वर वायर जिथे जोडली आहे ते झाकण उघडा.

झाकणात पाणी होतं. तात्यांनी वायरचं टोक कापून खाली टाकलं, मी ते हातात घेऊन पाहिलं. मधली तांब्याची तार हिरवी झालेली आणि भोवतीची जाळी काळी, बोटाने चोळली तर भुगा होत होती. बापू म्हणाले, जाळीतून पाणी आत झिरपत जातं, म्हणून पावसाळी दिवसांत जास्त त्रास व्हायचा. सुदैवाने वायर लांब ठेवलेली होती. तात्यांनी चांगली लागेपर्यंत हातभर कापली, नवीन टोक सोलून जोडलं, झाकण नीट बसवलं आणि वायरला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत शिरणार नाही.

गुणवत्ता ९७! आणि हलेना. मग बापूंनी अँटेनाची पिन काढून एकदा रीट्यून करायला लावलं, त्यात एकही चॅनल सापडला नाही आणि जुनी यादी पुसली गेली. पिन लावून परत केलं तेव्हा १ वर बीबीसी, ३ वर आयटीव्ही, सगळं जागच्या जागी. तासभर तसाच चालू ठेवून बसलो. फ्रीज चालू-बंद करून पाहिला. एकही चौकोन नाही.

तात्या, अण्णा, बापू, तुमचे आभार कसे मानू. नानींना फोन करून सांगितलं, त्यांनी साडी काढून ठेवली आहे.

भाऊ, यॉर्क, शनिवार रात्र

छान झालं. म्हणजे लीड्सचं आता येत नाही का?

बापू, शनिवार रात्र

भाऊ, त्या अँटेनावर नाही. एकाच वेळी दोन दिशांना बघणारा अँटेना करता येतो असं लोक सांगतील, पण दोन अँटेना एका वायरीत जोडले की ते एकमेकांना बिघडवतात. लीड्सच्या बातम्यांना तुमची स्टिक वापरू. बातम्या अर्धा मिनिट उशिरा आल्या तर चालतं. मंगळवारी येताना घेऊन या, मी लावून देतो.

अण्णा, रविवार सकाळ

सर्वांना,

कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवतो आहे, त्यावर असं लिहिलं आहे: ‘अँटेना बिल्सडेलकडे, पूर्वेला. लाल टोपी, ए गट. गुणवत्ता ९० च्या खाली गेली तर आधी मागची पिन बघा, मग वरची जोडणी. रीट्यून केल्यावर १ वर न्यूकॅसलचं लुक नॉर्थ आहे ना ते तपासा. बूस्टर लावू नये. स्टिक एचडीएमआय २ मध्ये.’ किल्लीची दुसरी प्रत करून माईंकडे देतो आहे. कोणाला काही जोडायचं असेल तर दुपारपर्यंत सांगा, मग कागद प्लास्टिकमध्ये घालणार आहे.