मॅक मिनी एम४: बेस मॉडेल घेऊ की रॅम वाढवून? सल्ला हवाय

घाटावरचा:
मंडळी, जरा मदत हवीय. माझ्याकडे २०१२ चा मॅक मिनी (ॲपलचा छोटा डेस्कटॉप) आहे, क्वाड कोर आय७ वाला, खालचं गोल काळं झाकण फिरवलं की रॅम हाताला लागते, मीच १६ जीबी टाकली, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, त्यावर इतकी वर्षं निघाली. पण मॅकओएस कॅटालिनाच्या पुढे जात नाही आणि फोर-के व्हिडिओ एडिटिंग आता त्याला झेपत नाही. एम४ चिपवाला नवा मिनी घ्यायचाय, पण ॲपलने या मशीनचं जे करून ठेवलंय ते आठवलं की हात आखडतो. २०१४ ला नवीन मॉडेल आणलं ते रॅम बोर्डावर सोल्डर करून (म्हणजे बदलताच येत नाही), वर क्वाड कोर बंद, फक्त ड्युअल कोर! म्हणजे जड कामाला जुनाच मिनी भारी. मग थेट ऑक्टोबर २०१८ पर्यंत काहीच नाही. २०१८ ला रॅमचे स्लॉट परत आले, २०२० ला एम१ चिपवाला आला तसे परत गेले. इतकं छान मशीन आणि त्याला कुणी वालीच नाही असं वाटतं. बजेट ८० हजार. २५६ जीबी स्टोरेज पुरेल का?

रात्रपाळी:
२४ जीबी रॅम घ्या, स्टोरेज २५६ च राहू द्या. रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये असते, नंतर कुणीच वाढवून देणार नाही. लाँचला बेस ५९,९०० होता आणि त्यातल्या १६ जीबीवर ८ जीबी जास्तीचे २० हजार, म्हणजे मशीनच्या किमतीचा तिसरा हिस्सा नुसत्या ८ जीबीला, हे चीड आणणारंच आहे, पण एडिटिंग करणार तर ते द्याच. प्रोजेक्ट आणि कॅशे (एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइल्स) बाहेरच्या एसएसडीवर ठेवा, थंडरबोल्टचं (वेगवान पोर्टला लागणारं) एन्क्लोजर, म्हणजे एसएसडीची बाहेरची पेटी, घेतलंत तर वेगाची तक्रार राहत नाही.

पेटीमास्टर:
+१. आतलं स्टोरेज छोट्या कार्डावर आहे, निघतं, पण बाजारातली साधी एम.२ एसएसडी त्यात चालत नाही कारण स्टोरेज चालवणारा कंट्रोलर एम४ चिपमध्येच आहे, तेव्हा त्या आशेवर राहू नका.
आणि मिनीचं काय घेऊन बसलात, ॲपलचा महागडा डेस्कटॉप मॅक प्रो बघा. २०१३ चा तो काळा सिलिंडर, ग्राफिक्स कार्ड बदलायची सोय नाही, २०१७ मध्ये कंपनीनेच पत्रकारांना बोलावून डिझाइन चुकल्याचं कबूल केलं, नवा टॉवर यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. आणि २०२३ ला एम२ अल्ट्रा वाला आला त्यात पीसीआयई स्लॉट (जास्तीची कार्डं लावायच्या खाचा) आहेत पण ग्राफिक्स कार्ड चालत नाही! हजारो डॉलर मोजणाऱ्यांची ही गत. म्हणून सांगतो, पुढे काय येईल याचा हिशोब करू नका, पाचेक वर्षांचं काम डोळ्यासमोर ठेवून आजच पुरेशी रॅम घ्या.

घाटावरचा:
पटलं, २४ जीबीच घेतो. बाहेरची एसएसडी एपीएफएसमध्ये (ॲपलच्या फाइल सिस्टिममध्ये) फॉरमॅट करू ना? विंडोजला लावायची नाहीये.

रात्रपाळी:
हो, एपीएफएसच. आणि टाइम मशीनला (मॅकच्या बॅकअपच्या सोयीला) वेगळी साधी हार्डडिस्क ठेवा, त्याच एसएसडीवर बॅकअप घेऊ नका.