सलाम ठोकला नाही, म्हणजे गडबड!

ब्रिटनची एए, म्हणजे ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था, गाड्या बंद पडल्यावर मदत करायला सुरू झाली असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. ती नंतरची गोष्ट. 1905 साली ती निघाली तीच पोलिसांचे सापळे हेरायला. वेगमर्यादा ताशी 20 मैल, आणि झुडपाआड स्टॉपवॉच घेतलेले शिपाई! घोडबंदर रोडवर समोरचा दिवे मारून इशारा देतो ना, तेच काम संस्थेचे सायकलस्वार करायचे.

1910 च्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स खटल्यात असा इशारा पोलिसांच्या कामात अडथळा ठरला. मग संस्थेने पद्धतच उलटी केली. गाडीवर संस्थेचा बिल्ला दिसला की तिचा गस्तवाला सलाम करणार. नाही केला तर सभासदाने थांबून कारण विचारायचं. सलाम न करणं गुन्हा कसा ठरवणार?