प्रतिसाद: लेझमीच्या मागच्या ओळी ताल का चुकतात

वर विचारलंय की १५ ऑगस्टसाठी नववी-दहावीच्या ६० मुलांचं लेझीम पथक बसवताना मागच्या ओळी नेहमी उशिरा का वाजतात. पोरांचं लक्ष नसतं हे कारण अर्धंच खरं. हलगी पहिल्या ओळीपुढे उभी केली, तर ३४ मीटर मागे असलेल्या मुलाला तिचा ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका उशिरा पोचतो. तो त्याच्या कानाप्रमाणे बरोबरच वाजवतो, पण पुढून ऐकणाऱ्याला मात्र खळ्ळ-ळ असा फाटका आवाज येतो. हलगीवाला पथकाच्या मध्ये घ्या, निम्मा घोळ तिथेच मिटतो. उरलेल्यासाठी ओळी दोन हातांच्या अंतरावर आणा आणि मागच्यांना पुढच्याच्या दांड्याकडे बघून वाजवायला सांगा.

उन्हाळी सुट्टीत फक्त 'चार आवाज' आणि 'एक जागा' हे लेझमीचे प्रकार घोटून घ्या. पवित्रा, दोन रुख वगैरे शाळा उघडल्यावर. सराव सकाळी साडेसहा ते साडेसात. त्यानंतर साखळी तापते आणि मुलं हात आखडते घेतात.

लेझमी वाटण्याआधी प्रत्येक दांड्याची टोकं बघा. कडी ठोकलेली असते तिथेच लाकूड चिरतं आणि ऐन संचलनात साखळी निसटते. गंजलेल्या चकत्या एकमेकींना चिकटून बसतात, आवाज बद्द येतो. पॉलिश पेपरने घासून तेलाचं नुसतं बोट फिरवा. जास्त तेल लागलं तर ग्राउंडची सगळी धूळ त्यावरच बसते.