आशाताईंच्या अर्जात मिसरी कुठे बसते? : घरगुती उपाय आणि आरोग्याच्या धोक्याची मोजणी

मूळ मत : निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

गेल्या महिन्यात पूर्व भागात भावाकडे गेलो होतो, तेव्हा तिथे आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, तीस वर्षांवरील माणसांचा अर्ज भरत होत्या. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांचे आजार यांना गुण देऊन बेरीज चारच्या वर गेली, तर त्या माणसाला मधुमेह, रक्तदाब वगैरेंच्या तपासणीसाठी पाठवायचे, अशी ती पद्धत आहे. वहिनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. ‘तंबाखू, गुटखा काही खाता का?’ असे विचारल्यावर त्यांनी ‘छे, तोंडालासुद्धा लावत नाही’ असे तत्काळ उत्तर दिले, आणि त्या रकान्यात शून्य पडले. त्यांच्या उजव्या तर्जनीचे टोक मात्र काळे होते, आणि मोरीच्या कोनाड्यात मिसरीची डबी होती.

वहिनी खोटे बोलल्या नाहीत, हे मी मुद्दाम लिहितो. दाढ दुखायला लागल्यावर सासूबाईंनी दिलेले ते औषध आहे, आणि गेली वीस वर्षे त्या ते औषध म्हणूनच दिवसातून दोनदा लावतात. मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, आणि धूररहित तंबाखूने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवलेले आहे. पण प्रश्न ‘खाता का’ असा असल्यामुळे ‘लावणारी’ बाई त्यातून अलगद निसटते. रोजच्या वापराचे दोन गुण मिळाले असते, तर चारवर थांबलेली त्यांची बेरीज सहा झाली असती.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी 1987 साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले होते की, सामान्य माणूस धोका मृत्यूंच्या आकड्यांवरून मोजत नाही. जे अनोळखी आणि भीतीदायक वाटते ते त्याला मोठे दिसते, आणि जे ओळखीचे व स्वेच्छेने घेतलेले असते ते लहान. सासूने दिलेल्या डबीइतके ओळखीचे दुसरे काय असणार? म्हणून माझे म्हणणे असे की, मिसरी, काढे, चूर्णे, भस्मे, गावठी गोळ्या यांची नावे घेऊन प्रश्न विचारल्याशिवाय धोक्याची कोणतीही मोजणी पुरी मानू नये.

उत्तर : आयुर्वेदाचे वैद्य, अक्कलकोट रस्ता

मिसरीबद्दल आपण लिहिले ते सर्व मान्य. परंतु तिला काढे आणि चूर्णे यांच्या पंगतीला बसवले, याला माझा स्पष्ट विरोध आहे. परंपरेतून आलेले सगळेच एका सुपात पाखडले, तर दाणेही उडून जातात. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती, आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील तिच्या गुणाची निरीक्षणे छापली, तेव्हा कुठे जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. मलेरियावरील आर्टेमिसिनिनसाठी तू यूयू यांना 2015 साली नोबेल मिळाले, तेही जुन्या चिनी ग्रंथातील एका वनस्पतीच्या शोधातूनच. धोक्याच्या अर्जात काढ्याचा रकाना आला की तो आपोआप ‘व्यसने’ या मथळ्याखाली जातो. रुग्ण डॉक्टरांपासून औषधे लपवतात ते त्या प्रश्नाच्या सुरामुळे. ‘गावठी औषध घेता का हो?’ हे वाक्य दवाखान्यात कोणत्या चेहऱ्याने उच्चारले जाते, ते एकदा आठवून पाहावे.

उत्तर : औषधनिर्माती, होटगी रस्ता

वैद्यबुवा, सुराबद्दलची आपली तक्रार खरी आहे. अमेरिकेत 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पर्यायी उपचार घेणाऱ्या दर शंभरांतील बहात्तर जणांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितलेच नव्हते, म्हणजे ही लपवाछपवी केवळ आपल्याकडची नाही. पण म्हणून विचारूच नये, हे मला पटत नाही. करोनाच्या काळात गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की, दिसायला सारखी असणारी दुसरी जात वापरली गेली असावी. हे उत्तर बरोबर धरले तरी माझी काळजी वाढतेच, कारण मंडईत वेलीचे तुकडे घेणाऱ्या गिऱ्हाइकाने ती जात ओळखायची कशी? भस्मांचेही तेच. इंटरनेटवरून विकत घेतलेली 193 आयुर्वेदिक औषधे तपासली असता सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे संशोधन 2008 साली छापून आले आहे.

उत्तर : सांख्यिकीचा विद्यार्थी

गुळवेलीच्या सहा रुग्णांवरून धोका असू शकतो एवढे कळते. किती आहे हे कळत नाही. त्या काळात काढा पिणारे लाखो होते की कोटी, हा छेद माहीत नसताना केवळ अंशावर वाद घालण्यात अर्थ नाही. ट्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी दाखवल्याप्रमाणे, जे उदाहरण चटकन आठवते ते आपल्याला वारंवार घडणारे वाटते, आणि हा दोष काढ्याच्या विरोधकांना जितका लागू आहे तितकाच ‘आमच्या आजीला काही झाले नाही’ म्हणणाऱ्यांनाही. नव्वदीतल्या आजीचे उदाहरण सांगायला आजी हयात असते. ज्यांना काही झाले त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नसते.

उत्तर : परिचारिका, विडी घरकुल

एक दुरुस्ती आधी करते. बेरीज चारच्या आत आली म्हणून तपासणी होत नाही, असे नाही. तीस वर्षांवरील सर्वांचीच करायची असते, गुणांवरून फक्त कोणाला आधी पाठवायचे ते ठरते. त्याच अर्जात पुढे तोंडात न भरणारी जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, हेही विचारलेले असते. त्यामुळे सगळा दोष कागदावर टाकू नये.

आता मूळ सूचनेला माझा विरोध का, ते सांगते. दहा नावांची यादी जोडली, तर दहा ठिकाणी ‘नाही’ची खूण पडेल, कारण शेजारी सासू बसलेली असते, विडीचा हजारी आकडा पुरा व्हायचा असतो, आणि आशाताईंना अजून बरीच घरे उरलेली असतात. मी यादी विचारतच नाही. ‘सकाळी दात कशाने घासता?’ एवढे विचारते, आणि बाई स्वतः डबी आणून दाखवते. मधुमेहाच्या रुग्णाला ‘गोळीबरोबर आणखी काय चालू आहे, कारले की मेथी?’ असे विचारले की, तो गोळी महिनाभर बंद ठेवल्याचेही सांगून टाकतो, आणि माझ्या अनुभवात खरा धोका बहुतेक वेळा तिथेच, त्या बंद गोळीत, असतो.

मूळ लेखकाचे उत्तर

परिचारिकाताईंची दुरुस्ती स्वीकारतो, आणि यादीचा हट्टही सोडतो. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगावी जाऊन लोकांशी बोलत राहिले, म्हणून ती नोंदणी उभी राहिली. घासायचे विचारून डबीपर्यंत पोहोचणे हे त्याच जातीचे काम आहे. वैद्यबुवांचा मुद्दा मात्र अर्धाच मान्य. मिसरी हे आयुर्वेदाचे औषध नाही हे आपल्याला माहीत आहे, वहिनींना नाही, आणि अर्ज त्यांचा भरायचा आहे.

आशाताईंना फोन करून मी त्या शून्याविषयी सांगितले, आणि त्यांनी तिथे दोन लिहिले. वहिनींना ते आवडले नाही. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

उत्तर : परिचारिका, विडी घरकुल

आणि दाढ? ती कुणाला दाखवली का?