कोणता 'डे' तुमच्या घरात मुरला?

सुरुवात मीच करते. १४ मार्च, पाय डे, म्हणजे गणितातल्या π चा (घेर भागिले व्यास) दिवस. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियममध्ये लॅरी शॉ यांनी १९८८ साली सुरू केलेला. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणून ३.१४. लेकाला खायचा 'पाय' हवा होता, ओव्हनमध्ये भाजलेला. घरात ओव्हन नाही, मग केल्या पुरणपोळ्या. त्याने दोरा लावून घेर मोजला, व्यासाने भागला. पहिली पोळी ३.४, दुसरी २.९! सासूबाई म्हणाल्या, "पोळी बरोबर आहे, तुझं गणित तपास."

सासऱ्यांचा आक्षेप वेगळाच. "आपण १४/३ लिहितो, हा दिवस आपला कसा? २२ जुलैला करा, २२/७!" गंमत म्हणजे ३.१४ पेक्षा २२/७ हे पायच्या जास्त जवळ आहे. तेव्हापासून पुरण दोनदा शिजतं, आणि मार्चमध्ये होळी जवळ आली की विचारू नका.

तुमचं सांगा.

*

मुक्काम गोथेनबर्ग, स्वीडन. ४ ऑक्टोबर म्हणजे इथे दालचिनी-बनचा दिवस, कानेलबुल्लेन्स दाग. १९९९ पासूनचा, तोही यीस्ट-मैदा-साखर विकणाऱ्यांनी काढलेला. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्या दिवशी हापिसात बनचे डबे येतातच. दालचिनी आत भरतात, पण पिठात वेलची असते हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी आईने दिलेली वेलची खलबत्त्यात कुटून घातली. आता ऑक्टोबर आला की लोक माझ्याकडे बन मागत नाहीत, वेलची मागतात.

२५ मार्चचा वॉफल डे मात्र नुसत्या उच्चाराच्या घोळातून आलाय. 'वोरफ्रूदागेन' हा मेरीमातेचा सण, बोलता बोलता 'वॉफेलदागेन' झाला. आम्ही तो वॉफल तूप-गुळाबरोबर खातो. स्वीडिश शेजाऱ्यांना सांगू नका.

*

कसले डे नि काय! आमच्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नि लेकुरवाळी भाजी. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे आजीचं पालुपद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा. चातुर्मासात वांगं बंद असतं आमच्यात, म्हणून त्या भरताला जी चव येते ती एरवी नाही. हे सगळं घरी ऐकवलं तर सूनबाई म्हणाल्या, "मग बाबा, हा भरीत डेच की!" गेल्या चंपाषष्ठीला घरच्या ग्रुपवर 'हॅपी भरीत डे' आलं. मी उत्तर दिलं नाही. भरीत मात्र दोनदा वाढून घेतलं.

*

जपानमधून. इथे २ म्हणजे 'नि', ९ म्हणजे 'कु'. 'निकु' म्हणजे मांस. म्हणून दर महिन्याची २९ तारीख मांसाची, दुकानांत सवलत. एकदा नेमकी त्याच दिवशी संकष्टी आली. नवरा संध्याकाळभर चंद्राची वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेला तर सगळं पुन्हा मूळ भावात.