उबंटू सर्व्हर बूट व्हायला दोन मिनिटं जास्त का घेतोय?

ऑफिसमधला उबंटू सर्व्हर रीस्टार्ट केला की स्क्रीनवर "वेट फॉर नेटवर्क टू बी कॉन्फिगर्ड" येतं आणि तिथेच दोन मिनिटं अडकतो, नंतर सगळं नीट चालतं. एसएसडी आहे, रॅम भरपूर आहे. सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम (बूट होताना कुठल्या सर्व्हिसला किती वेळ लागला ते दाखवणारी कमांड) मारलं तर सगळ्यात वर नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन (नेटवर्क तयार होईपर्यंत थांबणारी सर्व्हिस) दिसतंय. कुणी सांगेल का?

उत्तर १:
दोन लॅन पोर्ट आहेत का आणि एकालाच केबल आहे का? वेट-ऑनलाइनचा डिफॉल्ट टाइमआउट १२० सेकंदांचा असतो, म्हणजे तुमची दोन मिनिटं तीच. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये रिकाम्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू' टाका, म्हणजे बूट त्या पोर्टसाठी थांबणार नाही, आणि नेटप्लॅन अप्लाय करा. सर्व्हिस सरळ मास्क (पूर्ण बंद) करू नका प्लीज, एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर) वगैरे असेल तर नेटवर्क यायच्या आधीच माउंट व्हायला जाईल आणि फेल होईल.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, फक्त ब्लेमवर पूर्ण भरवसा ठेवू नका, सर्व्हिसेस एकाच वेळी चालू होतात त्यामुळे यादीत वर असलेली प्रत्येक गोष्ट बूट अडवतेच असं नाही, क्रिटिकल-चेन बघा, कोण कुणासाठी थांबलंय ते त्यात कळतं. आणि अडकणं ९० सेकंदांचं असतं तर मी आधी एफएसटॅब (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) उघडली असती, काढून टाकलेल्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तिथे राहिला की सिस्टमडी (बूट होताना सर्व्हिसेस चालू करणारा प्रोग्रॅम) तेवढा वेळ वाट बघतं. जी डिस्क नसली तरी चालेल तिला 'नोफेल' लावायचं.

प्रश्नकर्ता:
हो, दुसरा पोर्ट रिकामाच होता! ऑप्शनल केलं, आता तिथे थांबत नाही. दोघांचे मनापासून आभार.