सेफ्टी पिनची मोटर: कॉइल नुसती डोलते, फिरत नाही

चुंबकसुई
दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यासोबत सेफ्टी पिनची मोटर करायची आहे. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे सगळ्यांना माहीत झालेली तीच: १.५ व्होल्टचा मोठा सेल, त्यावर काळी चुंबक-चकती, दोन्ही टोकांना सेफ्टी पिना आणि पिनांच्या भोकांत एनॅमलच्या (वीज न जाऊ देणारा लेप असलेल्या) तांब्याच्या तारेची कॉइल. ४० मुलं, १० गट. रंगीत तालमीत चार मोटरी केल्या, त्यातली एकच नीट फिरली. दोन नुसत्या डोलून थांबतात, चौथी ढिम्म. टोकांचं एनॅमल अर्ध्या बाजूनं खरवडलं आहे, सेल नवे आहेत. चुकतंय कुठे? आणि मोटर फिरल्यावर उरलेल्या वीस मिनिटांत मुलांना विचार करायला लावणारं काय देता येईल?

अर्धवेढा
डोलणाऱ्या दोन आधी बघू. ‘अर्ध्या बाजूनं’ खरवडलंय हे ठीक, पण कोणत्या अर्ध्या? सगळी गोम तिथे आहे.

चकती सेलवर आडवी असते, म्हणून तिचं चुंबकीय क्षेत्र कॉइलजवळ साधारण उभं असतं. कॉइल उभी असते तेव्हा तिला सर्वांत जास्त पीळ (फिरवणारा जोर) मिळतो, आडवी असते तेव्हा शून्य, आणि आडवी स्थिती ओलांडली की पीळ उलटा. म्हणजे कॉइल उभी असताना संपर्क यायला हवा आणि ती आडवी होताच तुटायला हवा. तर कॉइल टेबलाच्या कडेशी उभी धरा, टोक टेबलावर टेकवा आणि तारेचा फक्त वरचा अर्धा भाग खरवडा. कॉइल टेबलावर आडवी ठेवून खरवडली तर संपर्काच्या अर्ध्या काळात पीळ एका बाजूला, उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या बाजूला. ती डोलणारच.

मुलांसाठी सोपी वाट: एक टोक सगळीकडून खरवडू द्या, दुसरंच फक्त अर्धं ठेवा. संपर्क तोडायला एक टोक पुरतं. नाहीतर एका टोकाची वरची बाजू आणि दुसऱ्याची खालची खरवडली जाते, मग दोन्ही टोकं एकाच वेळी कधी टेकतच नाहीत. ती ढिम्म मोटर बहुधा हीच. चुकून जास्त खरवडलं तर तार फेकू नका, अर्ध्या भागावर नेलपॉलिशचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

गेज२२
वरचं बरोबर आहे, पण त्याआधी मापं तपासा. कॉइल मोठ्या सेलवरच गुंडाळायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. सेलचा व्यास जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर, त्यावर चकती, त्यावर तेवढीच मोठी कॉइल. पाच सेंटिमीटरची पिन अपुरी पडते आणि कॉइल चुंबकाला घासते. २ सेंटिमीटर जाडीच्या मार्करवर १० वेढे घ्या. दोन्ही टोकं ४-४ सेंटिमीटर ठेवा, कारण सेलच सहा सेंटिमीटर लांब आहे. वेढे सुटू नयेत म्हणून प्रत्येक टोकानं त्यांना दोनदा आवळा. असं सगळं धरून एका कॉइलला ८० सेंटिमीटर तार लागते. २२ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, आकडा वाढला की तार बारीक) ५० ग्रॅम तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली तर १० गटांना पुरून उरते.

वेढे वाढवले की वेग वाढतो असं मुलं गृहीत धरतात. वजनही वाढतं आणि पिनेशी घर्षणही. २८ गेजची बारीक तार घेतली तर टोकं वाकतात, आस सरळ राहत नाही.

बिघाड शोधायचा क्रम:
– पिनांना टॉर्चचा बल्ब लावा. पेटला नाही तर दोष पिनेत किंवा पिना सेलला धरून ठेवणाऱ्या रबरात आहे. सायकलच्या ट्यूबचा पट्टा सेलच्या लांबीवरून ताणून बसवा. पिनेवर लॅकर (चकचकीत लेप) असेल तर पॉलिश पेपरनं घासा.
– बल्ब पेटला, तर चकती काढून कॉइल वेगवेगळ्या कोनांत सोडून पाहा. दरवेळी एकच बाजू खाली येत असेल तर आस मध्यातून जात नाही, टोकं वाकवून सरळ करा.
– चकती आणि कॉइल यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर अंतर हवं.

८० सेंटिमीटर तारेचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास, म्हणजे कॉइल थांबलेली असताना संपर्क आला तर सेल जवळजवळ शॉर्ट होतो. कॉइल तापते, सेलही लवकर संपतो. फिरत नसेल तेव्हा ती उचलून ठेवायची, हा नियम फळ्यावर लिहा. रिचार्जेबल सेल किंवा मोबाइलची बॅटरी अजिबात नको.

चुंबकसुई
दोन्ही मोटरींची टोकं आडव्या कॉइलवरच खरवडली होती. नव्या कॉइलला बोटानं हलकी टिचकी दिली आणि ती फिरत राहिली. ढिम्म मोटरीत टोकांच्या बाजू उलटसुलट निघाल्या. आता कोडी?

अर्धवेढा
आधी अंदाज वहीत, मग प्रयोग. हा क्रम पाळला नाही तर मुलं नुसती फिरवत बसतात.

१. सेल उलटा केला तर? चकती उलटी केली तर? दोन्ही एकदम केलं तर? (दिशा बदलते, बदलते, तीच राहते.)

२. सेल आणि चकती तशीच ठेवून कॉइल उचला, डावं टोक उजवीकडे अशी फिरवून ठेवा. दिशा बदलेल? बहुतेक वर्ग ‘हो’ म्हणतो. बदलत नाही: कॉइल फिरवल्यानं वेढ्यांची दिशा उलटते, पण धाराही आता दुसऱ्या टोकातून शिरते. दोन उलट झाले की सुलट.

३. दुसरी चकती कॉइलच्या वर धरा. एका बाजूनं वेग वाढतो, उलटी केली की मंदावतो किंवा थांबतो. कोणते ध्रुव समोरासमोर आहेत?

गेज२२
चौथं मी घालतो: दोन्ही टोकं पूर्ण खरवडलेली कॉइल द्या आणि ‘ही फिरू नये’ असं सांगा. एखाद्या गटाची तरीही फिरेल! कॉइल जरा असमतोल असेल तर पिनेत उड्या मारते आणि संपर्क आपोआप तुटतो-जुळतो. टोकाच्या भोवती पिनेचं भोक जेमतेम मोठं असलं की उड्या कमी होतात, ती डोलून थांबते. पुस्तकातलं मधोमध दुभंगलेलं कडं कशासाठी असतं, हा प्रश्न इथे मुलं स्वतःच विचारतात. फरक एवढा सांगा, की ते कडं अर्ध्या फेरीनंतर धारा उलटवतं, आपली मोटर ती नुसती बंद करते आणि उरलेली अर्धी फेरी वेगाच्या जोरावर काढते.

चुंबकसुई
म्हणूनच सुरुवातीला टिचकी लागते, कारण एनॅमलची बाजू खाली असताना धाराच नसते?

गेज२२
हो. आणि चुकीच्या दिशेनं टिचकी दिली तर कॉइल थोडी जाऊन परत फिरते. एकदा फिरवल्यावर थांबू लागली तर टोकं बघा, ठिणग्यांनी काळी पडलेली असतील. पॉलिश पेपरचा एक हात पुरे, मात्र पुन्हा त्याच अर्ध्या बाजूवर.